५ गुणांचा प्रश्न आणि भिंतीवरचा तक्ता: आवर्तसारणी नेमकी कशी वाचायची?

लातूर असो की नांदेड, कुठल्याही शिकवणी वर्गात गेलं की भिंतीवर एक रंगीत तक्ता दिसतोच. ७ आडव्या ओळी, १८ उभे रकाने आणि ११८ चौकोन. प्रत्येक चौकोनात एक-दोन अक्षरं आणि दोन आकडे. वरचा आकडा पूर्णांक, खालचा बहुतेक वेळा दशांश चिन्ह असलेला. काही चौकोनांत मात्र खालचा आकडा कंसात असतो.

हा कंस का असतो, हे फार कमी विद्यार्थी विचारतात. गण पाठ करायला हिंदी-मराठी वाक्यं असतात, पहिली ३० मूलद्रव्यं तोंडपाठ असतात, पण कंसाकडे लक्ष जात नाही. २०२४ च्या 'नीट'मध्ये देशभरातल्या ४ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे ५ गुण ज्या प्रश्नावर गेले, त्याचं उत्तर खरं तर त्या कंसातच होतं.

तो प्रश्न काय होता, तो थेट सुप्रीम कोर्टात कसा पोहोचला, अणुवस्तुमान म्हणजे काय, आवर्तसारणीची मांडणी कशावर ठरते आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी यात काय घेण्यासारखं आहे, याविषयी सविस्तर.

प्रश्न काय होता?

५ मे २०२४ रोजी 'नीट-यूजी' परीक्षा झाली. २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. भौतिकशास्त्राच्या भागात दोन विधानं दिली होती.

पहिलं विधान: अणूमध्ये धन आणि ऋण प्रभार समान असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात.

दुसरं विधान: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात.

दोन्हींपैकी कोणतं विधान बरोबर, ते सांगायचं होतं. पहिल्या विधानाबद्दल वाद नव्हता. अडचण होती दुसऱ्या विधानातल्या एका शब्दाची, 'प्रत्येक'.

एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे दुसरं विधान बरोबर ठरत होतं. नव्या आवृत्तीत मात्र 'प्रत्येक मूलद्रव्याचे' ऐवजी 'बहुतेक मूलद्रव्यांचे' अशा अर्थाची दुरुस्ती झाली होती. म्हणजे जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्यांसाठी उत्तर होतं पर्याय २, दोन्ही विधानं बरोबर. नव्या पुस्तकावर अभ्यास केलेल्यांसाठी पर्याय ४, पहिलं बरोबर आणि दुसरं चूक.

परीक्षा घेणाऱ्या एनटीएने सुरुवातीला दोन्ही पर्याय बरोबर धरले आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना ४ गुण दिले. ४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. त्यातले ४४ जण याच प्रश्नाच्या सवलतीमुळे पूर्ण गुणांपर्यंत पोहोचले होते.

कोर्टात काय झालं?

नीटविरोधातल्या याचिकांवर सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू होती. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठासमोर हा प्रश्नही आला. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर कशी असू शकतात, हा साधा मुद्दा होता. शिवाय नव्या आवृत्तीप्रमाणे अभ्यास करा अशी सूचना असताना जुन्या आवृत्तीच्या उत्तराला गुण का द्यायचे, असाही सवाल होता.

२२ जुलै २०२४ रोजी कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत उत्तर मागितलं. २३ जुलैला समितीचं मत आलं: बरोबर उत्तर एकच, पर्याय ४.

कोर्टाने त्याप्रमाणे निकाल सुधारायला सांगितला. फेरपरीक्षेची मागणी मात्र फेटाळली. पर्याय २ निवडणाऱ्या ४ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे मिळालेले ४ गुण गेले आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा झाला. एकूण फटका ५ गुणांचा. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांची संख्या आधी वाया गेलेल्या वेळेसाठी दिलेले वाढीव गुण रद्द झाल्याने ६७ वरून ६१ वर आली होती. सुधारित निकालात ती १७ वर आली.

याच काळात लातूर वेगळ्या कारणाने बातम्यांमध्ये होतं. नीटमधल्या कथित गैरप्रकारांबद्दल लातूरमध्ये गुन्हा दाखल झाला होता आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. त्या गदारोळात 'प्रत्येक' आणि 'बहुतेक' या दोन शब्दांचा वाद बाजूला पडला. पण ज्यांचे ५ गुण गेले, त्यांच्यासाठी तो छोटा नव्हता.

मग कोणत्या मूलद्रव्याचे अणू स्थिर नसतात?

इथे भिंतीवरचा तक्ता कामाला येतो.

चौकोनातला पूर्णांक म्हणजे अणुअंक. केंद्रकात किती प्रोटॉन आहेत, ते तो सांगतो. हायड्रोजन १, कार्बन ६, लोखंड २६, सोनं ७९. हा आकडा म्हणजे मूलद्रव्याची ओळख. प्रोटॉन एकने बदलला की मूलद्रव्यच बदललं.

दुसरा आकडा म्हणजे सरासरी अणुवस्तुमान. कार्बन-१२ या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे एक एकक, असं १९६१ पासून जगभर मानलं जातं. त्या मापाने तो अणू किती जड आहे, ते हा आकडा दाखवतो.

आता तक्त्यावर ४३ क्रमांकाचा टेक्नेशियम शोधा. त्याच्याखाली दशांश चिन्ह नाही. बहुतेक तक्त्यांवर कंसात ९८ लिहिलेलं असतं, काही नव्या तक्त्यांवर ९७. ६१ क्रमांकाच्या प्रोमेथियमखाली कंसात १४५. ८४ व्या पोलोनियमखाली २०९, ८६ व्या रेडॉनखाली २२२, ८८ व्या रेडियमखाली २२६.

कंसाचा अर्थ असा की या मूलद्रव्याचा कुठलाही अणू कायम टिकत नाही. तो किरणोत्सारी आहे, फुटत जातो आणि दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतो. निसर्गात त्याचा ठरलेला साठाच नसल्यामुळे सरासरी काढता येत नाही. म्हणून सरासरीच्या जागी त्याच्या एखाद्या अणूचा, बहुधा सगळ्यात जास्त काळ टिकणाऱ्या अणूचा, अणुवस्तुमानांक कंसात लिहितात.

११८ पैकी ८४ मूलद्रव्यांना प्रमाण अणुवस्तुमान आहे. उरलेल्या ३४ मूलद्रव्यांना ते नाही.

इथे एक बारकावा आहे. कंस नाही म्हणजे स्थिर, असंही सरसकट म्हणता येत नाही. थोरियम, प्रोटॅक्टिनियम आणि युरेनियम किरणोत्सारी आहेत, पण निसर्गात त्यांच्या अणूंचं प्रमाण ठरलेलं सापडतं, म्हणून त्यांना दशांशातला आकडा मिळतो. ८३ व्या बिस्मथला तर पिढ्यान् पिढ्या स्थिर मानलं गेलं. २००३ मध्ये दिसून आलं की तोही फुटतो, पण इतक्या सावकाश की त्याचा अर्धायुकाल विश्वाच्या वयाच्या अब्ज पटींहून मोठा आहे. हे धरून हिशोब केला तर किमान एक तरी स्थिर अणू असलेली मूलद्रव्यं ८० भरतात: १ ते ८२ मधून ४३ आणि ६१ वगळून.

थोडक्यात, 'प्रत्येक' चूक आणि 'बहुतेक' बरोबर.

जुन्या पुस्तकातलं वाक्य मग निव्वळ चूक होतं का?

तसंही नाही. ते वाक्य ज्या प्रकरणात होतं, तिथे चर्चा वेगळी होती.

रदरफर्डच्या प्रतिकृतीत इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतात. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत जाईल आणि क्षणार्धात केंद्रकावर जाऊन आदळेल. प्रत्यक्षात तसं होत नाही, अणू कोसळत नाहीत. 'अणू स्थिर असतात' हे त्या संदर्भात म्हटलं होतं. या अर्थाने युरेनियमचाही अणू स्थिर आहे, त्याचे इलेक्ट्रॉन केंद्रकात पडत नाहीत.

पण प्रश्नपत्रिकेत संदर्भ नव्हता, फक्त वाक्य होतं. 'स्थिर' हा शब्द केंद्रकालाही लागू होतो आणि तिथे ते वाक्य टिकत नाही. प्रकरण समजून वाचलेल्याला हा फरक कळला असता. वाक्य पाठ केलेल्याला ते वाक्य जसंच्या तसं दिसलं आणि त्याने खूण केली.

यात आणखी एक गुंता आहे. अभ्यासक्रमाचा भार कमी करताना एनसीईआरटीने बारावीच्या भौतिकशास्त्रातून किरणोत्सारी ऱ्हासाचा नियम आणि अल्फा, बीटा, गॅमा ऱ्हासाचे भाग वगळले. २०२४ च्या नीटच्या अभ्यासक्रमातही किरणोत्सारितेचा वेगळा उल्लेख उरला नाही. म्हणजे ज्या कारणामुळे दुसरं विधान चूक ठरतं, ते कारण शिकवणारा भाग कमी झाला आणि शब्द तेवढा दुरुस्त झाला.

अणुवस्तुमान पूर्णांकात का नसतं?

तक्त्यावर क्लोरीनचं अणुवस्तुमान सुमारे ३५.५ दिसतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अर्धे नसतात, मग हे '.५' आलं कुठून?

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या १०० पोत्यांची थप्पी आहे असं समजा. ७६ पोती ३५ किलोची आणि २४ पोती ३७ किलोची. एकूण वजन ३,५४८ किलो, सरासरी ३५.४८ किलो. पण त्या थप्पीत ३५.४८ किलोचं एकही पोतं सापडणार नाही.

क्लोरीनचं तसंच आहे. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये सुमारे ७६ टक्के अणू ३५ अणुवस्तुमानांकाचे आणि सुमारे २४ टक्के ३७ चे. दोन्हींत प्रोटॉन १७ च, फरक फक्त न्यूट्रॉनचा: एकात १८, दुसऱ्यात २०. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. तक्त्यावर दिसते ती त्यांची सरासरी.

म्हणून दोन शब्दांची गल्लत करू नये. अणुवस्तुमानांक म्हणजे एका अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मोजून आलेली संख्या, ती नेहमी पूर्णांक. अणुवस्तुमान म्हणजे मोजलेलं वस्तुमान, तक्त्यावर त्याची सरासरी. मराठीत दोन्ही शब्द सारखेच वाटतात, त्यामुळे दहावीच्या परीक्षेतही इथे चूक होते.

सारणी वस्तुमानावर रचलेली आहे का?

सुरुवात वस्तुमानापासूनच झाली. एकोणिसाव्या शतकात अणूच्या आत काय आहे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मोजता येत होतं ते फक्त अणुवस्तुमान.

डोबेरायनर यांनी सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांची त्रिकं केली. लिथियम, सोडियम, पोटॅशियम घेतले तर मधल्या सोडियमचं वस्तुमान बाकीच्या दोघांच्या सरासरीइतकं निघतं. न्यूलँड्स यांना दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण दिसले. 'सा रे ग म प ध नी' नंतर पुन्हा 'सा' यावा तसं. तेव्हा त्यांची थट्टा झाली.

१८६९ मध्ये रशियाचे दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं वाढत्या अणुवस्तुमानाने मांडली. पण त्यांनी दोन धाडसं केली.

पहिलं, जिथे गुणधर्म जुळत नव्हते तिथे त्यांनी जागा रिकामी सोडली आणि इथे अजून न सापडलेलं मूलद्रव्य असणार असं सांगितलं. या मूलद्रव्यांना त्यांनी 'एका' हे संस्कृतातल्या 'एक' वरून घेतलेलं उपपद लावलं: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम. तिन्ही त्या जागांवर बसली.

दुसरं धाडस म्हणजे त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. टेल्युरियमचं अणुवस्तुमान १२७.६, आयोडीनचं १२६.९. नियमाप्रमाणे आयोडीन आधी यायला हवं. पण आयोडीनचे गुण क्लोरीन-ब्रोमीनसारखे आहेत, म्हणून मेंडेलीव्ह यांनी त्याला टेल्युरियमनंतर ठेवलं. टेल्युरियमचं वस्तुमान मोजण्यात चूक झाली असावी, अशी त्यांची समजूत होती.

चूक मोजमापात नव्हती. अडचण वस्तुमान हाच पाया मानण्यात होती.

मोझलींनी काय बदललं?

१९१३ मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. मूलद्रव्य एक घर पुढे गेलं की वारंवारता ठरावीक हिशोबाने वाढत होती. ती वस्तुमानाशी नव्हे, तर केंद्रकातल्या धनप्रभाराशी, म्हणजेच अणुअंकाशी बांधलेली होती.

आयोडीनचा अणुअंक ५३, टेल्युरियमचा ५२. कोडं सुटलं. टेल्युरियममध्ये १२८ आणि १३० अणुवस्तुमानांकाच्या जड समस्थानिकांचं प्रमाण जास्त आहे, तर निसर्गातलं आयोडीन केवळ १२७ चंच. म्हणून एक प्रोटॉन कमी असूनही टेल्युरियमची सरासरी जास्त भरते. अरगॉन-पोटॅशियम आणि कोबाल्ट-निकेल या जोड्यांतही हेच होतं.

मोझली यांच्या मोजणीत काही घरं रिकामी दिसली. त्यांतलीच दोन म्हणजे ४३ आणि ६१, वर आलेले टेक्नेशियम आणि प्रोमेथियम. टेक्नेशियम १९३७ मध्ये मिळालं, तेही माणसाने तयार केलेलं. टेल्युरियमचं कोडं सोडवणारे मोझली मात्र पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला १९१५ मध्ये मारले गेले. वय होतं २७.

म्हणून आजची सारणी अणुअंकावर रचलेली आहे. आडव्या ओळीला आवर्त म्हणतात, उभ्या रकान्याला गण. आवर्तांमध्ये अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२ आणि ३२ मूलद्रव्यं बसतात. बेरीज करून पाहा, ११८ येते. एका गणातल्या मूलद्रव्यांच्या बाहेरच्या कवचातली इलेक्ट्रॉनची मांडणी सारखी असते, म्हणून त्यांचे गुणही मिळतेजुळते. सोडियम पाण्यात टाकला की पेट घेतो तसाच पोटॅशियमही घेतो, कारण दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे. वस्तुमानाचा त्यात काही हात नाही.

शाळेत हे कधी शिकवतात?

इथे राज्य मंडळ आणि सीबीएसई यांचे रस्ते वेगळे होतात.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचं अख्खं प्रकरण काढलं. २०२३ मध्ये नवी पुस्तकं आल्यावर देशाबाहेरही त्यावर टीका झाली. हा विषय अकरावीच्या रसायनशास्त्रात आहे, असं एनसीईआरटीने स्पष्ट केलं. ते खरं आहे. पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेला जाणाऱ्या मुलांना तो तिथे भेटत नाही.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' या २०१८ च्या पुस्तकात दुसरंच प्रकरण 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हे आहे. डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह आणि आधुनिक सारणी, सगळं त्यात क्रमाने येतं. म्हणजे मुखेड किंवा देगलूरच्या मराठी शाळेतल्या मुलाला हा पाया आपल्या भाषेत आधी मिळतो.

अडचण पुढे येते. अकरावीला शिकवणी इंग्रजीत सुरू होते. अणुअंक 'ॲटॉमिक नंबर' होतो, अणुवस्तुमानांक 'मास नंबर' होतो. ज्याने दहावीला अर्थ समजून घेतला, त्याला फक्त नावं बदलावी लागतात. ज्याने फक्त पाठ केलं, त्याला सगळं नव्याने पाठ करावं लागतं. नीट मराठीतही देता येते, पण वर्गातला अभ्यास बहुतांशी इंग्रजी साहित्यावर होतो.

नीटपुरतं बोलायचं तर ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमातून रसायनशास्त्राची हायड्रोजन, एस-ब्लॉक मूलद्रव्यं अशी काही प्रकरणं गेली. मूलद्रव्यांचं वर्गीकरण आणि गुणधर्मांतली आवर्तिता हे प्रकरण मात्र कायम राहिलं. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गणाची सविस्तर माहिती नको, पण सारणीचं तर्कशास्त्र हवं.

लातूर-नांदेडला ५ गुणांचं महत्त्व एवढं का?

'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांमधून सुरू झालेली शिस्तीच्या, सरावाच्या अभ्यासाची ही पद्धत. आधी बारावीच्या गुणवत्ता यादीसाठी ओळखली गेली, आता ती नीट-जेईईच्या तयारीशी जोडली गेली आहे. नांदेडमध्येही शिकवणी वर्गांचा मोठा पसारा उभा राहिला. परभणी, हिंगोली, धाराशिव, बीडची मुलं या दोन शहरांत खोली घेऊन राहतात. अनेकांच्या घरी शेती, आणि वर्षाचा खर्च सोयाबीनच्या भावावर ठरतो.

गुणांची चुरस आणखी एका कारणाने वाढली. वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यात पूर्वी ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयं कमी असल्याने या सूत्राने इथल्या मुलांवर अन्याय होतो, अशी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी ते रद्द झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर राज्याची एकच यादी झाली. मराठवाड्याच्या मुलांना मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांची दारं उघडली, तसंच नांदेड आणि लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागांसाठी राज्यभरातले विद्यार्थी स्पर्धेत आले. अशा यादीत एकेका गुणावर खूप विद्यार्थी उभे असतात. ५ गुण खाली येणं म्हणजे घराजवळचं सरकारी महाविद्यालय आणि लाखोंची फी असलेलं खासगी महाविद्यालय यांतला फरक ठरू शकतो.

आणि जुनी पुस्तकं कोण वापरतं, हाही मुद्दा आहे. मोठ्या भावाची किंवा बहिणीची पुस्तकं धाकट्याकडे येतात. खोलीतला सिनियर जाताना पुस्तकं ठेवून जातो. अर्ध्या किमतीत सेकंडहँड संच मिळतो. पैसे वाचवण्याची ही चांगलीच सवय, पण २०२४ मध्ये जुन्या आवृत्तीवर विसंबलेल्यांना तीच महागात पडली. नवी आवृत्ती वापरा ही सूचना होती, कोर्टाच्या निर्णयामागे तेही कारण होतं. पण एक शब्द बदलला आहे, हे जुनं पुस्तक हातात असलेल्याला कळायला मार्ग नव्हता.

यातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावं?

पहिली गोष्ट, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवरचं छपाईचं वर्ष पाहावं. जुनं पुस्तक वापरायला हरकत नाही, पण एनसीईआरटीची चालू पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रकरणाच्या शेवटचा सारांश तरी त्यांच्याशी ताडून पाहावा. वादाचं वाक्यही अशाच नेमक्या, पाठ करण्याजोग्या विधानांपैकी होतं.

दुसरी, विधानांच्या प्रश्नात 'प्रत्येक', 'सर्व', 'नेहमी', 'फक्त' असे शब्द दिसले की थांबावं. विज्ञानात अपवाद नसलेली विधानं थोडी असतात. असं विधान खोटं ठरवायला एक अपवाद पुरतो. इथे रेडियम किंवा युरेनियम आठवला असता तरी भागलं असतं.

तिसरी, तक्ता पाठ करण्याआधी वाचावा. प्रत्येक चौकोनाला तीन प्रश्न विचारावेत: हा या गणात का आहे, याचं वस्तुमान दशांशात का आहे, आणि कंस असेल तर का आहे? परीक्षेच्या खोलीत तक्ता नेता येत नाही. पण ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरं येतात, त्याला तो न्यावाही लागत नाही.

हे शिक्षकांनाही लागू होतं. रोजच्या सराव चाचणीत उत्तरतालिकेतला पर्याय सांगून पुढे जाणं सोपं असतं. एखाद्या दिवशी एकच विधान घेऊन ते कुठे खरं आणि कुठे खोटं, यावर वर्गात दहा मिनिटं बोललं तर दोन-चार प्रश्न कमी होतील, एवढंच. मेंडेलीव्ह यांनाही टेल्युरियम-आयोडीनचा मेळ लागला नव्हता. त्यांनी तो लपवला नाही, गुणधर्म दिसले तशी मांडणी केली, आणि कारण सापडायला पुढची ४० हून अधिक वर्षं गेली.

शिकवणीच्या भिंतीवरचा तक्ता उद्याही तिथेच असेल. वर्ग सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं मिळाली, तर ४३ नंबरचा चौकोन शोधा आणि त्याच्या शेजारच्या ४२ आणि ४४ शी ताडून पाहा. त्या दोघांना कंस नाही.